पोरगं बघतंय कुठं?

सोलापूरच्या पूर्व भागात मूल उशिरा बोलायला लागलं की एक कारण हमखास ऐकू येतं. "घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कानडी. पोरगं गोंधळणारच की!" आमच्या शेजारच्या यंत्रमागवाल्यांच्या नातवाबद्दल हेच दोन वर्षं चाललं होतं. नंतर दोष भाषांवरून मोबाइलवर गेला आणि मोबाइलवरून, रिवाजाप्रमाणे, सुनेवर. सासूबाई म्हणायच्या, "ही बाळाशी बोलतच नाही, मग ते हिच्या तोंडाकडं कशाला बघंल?" शेवटी बालरोगतज्ज्ञांनी पुढं पाठवलं आणि ऑटिझमचं निदान झालं. मेंदूची वाढ वेगळ्या वळणानं होते आणि मुलाचं बोलणं, माणसांत मिसळणं वेगळं पडतं, ती ही अवस्था.

तीन भाषांचा मुद्दा लगेच बाजूला ठेवू. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही. तसं असतं तर निम्मं सोलापूर मुकं राहिलं असतं. सासूबाईंचं वाक्य मात्र सोडून देण्यासारखं नाही. मूल माणसाच्या तोंडाकडं, डोळ्यांकडं किती बघतं याचा ऑटिझमशी संबंध आहे, हे त्यांनी बरोबर हेरलं. चुकलं ते कारण.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडं बघा. एका वेळी आपल्याला अगदी स्पष्ट दिसतो तो साधारण तेवढाच तुकडा. बाकी सगळं धूसर. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत जग गोळा करत राहतो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत एकाच कुटुंबातले चौघं होम मैदानावरून फिरून येतात, पण एकानं पाळणा पाहिलेला असतो, एकीनं बांगड्या, तिसऱ्यानं नुसती माणसं. चौघांनी चार वेगळे गड्डे घरी आणलेले असतात. लहान बाळाचंही तसंच. ते जिथं बघतं तेवढंच शिकतं.

मग ही उडी कुठं पडावी हे ठरवतं कोण? 2017 साली जॉन कॉन्स्टँटिनो, वॉरन जोन्स, अमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात याचं उत्तर छापलं. सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि अटलांटाचं एमरी विद्यापीठ, अशा दोन ठिकाणच्या लोकांचं हे काम. दीड ते दोन वर्षांच्या मुलांना त्यांनी छोटे व्हिडिओ दाखवले: कुणी बाई बाळाशी बोलतेय, कुठं मुलं खेळताहेत. मुलाची नजर पडद्यावर नेमकी कुठं आहे ते कॅमेरा टिपत होता. मुलांमध्ये एकसारख्या जुळ्यांच्या 41 जोड्या होत्या, वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या 42, आणि नात्यात नसलेल्या मुलांच्या लावलेल्या 42 जोड्या. शिवाय ऑटिझम असलेली 88 मुलं.

जुळी कशासाठी? एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत एक असतात. वेगळ्या जुळ्यांमध्ये साम्य साध्या भावंडांइतकंच. घर, आई आणि जेवण मात्र दोन्हीकडं सामायिक. म्हणजे पहिल्या प्रकारच्या जोड्या जास्त जुळल्या, तर त्याचं श्रेय जनुकांकडं जातं.

आणि त्या फारच जुळल्या. डोळ्यांकडं किती वेळ बघितलं, हे माप घेऊन पूर्ण जुळणीला 1 धरलं, तर एकसारख्या जुळ्यांचा आकडा आला 0.91. वेगळ्या जुळ्यांचा 0.35. नात्याबाहेरच्या जोड्यांचा जवळजवळ शून्य. मला स्वतःला चक्रावून टाकलं ते पुढच्या निरीक्षणानं. ही जुळी डोळ्यांकडं किती बघतात एवढंच नव्हे, तर नजर कुठल्या क्षणी आणि कुठल्या दिशेला हलवतात, हेही सारखं निघालं. दोघांना एकेकटं बसवलं तरी! स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांना पुढं पाच महिन्यांच्या जुळ्या बाळांच्या नजरेतही जनुकांचा हात दिसला.

डोळे आणि तोंड यांच्याकडं बघणं हे ज्या मापांवर जनुकांची पकड सर्वांत घट्ट होती, त्याच मापांवर ऑटिझम असलेली मुलं मागं होती.

आता इथं घाई नको. जुळी मुलं नेहमीसारखी वाढणारी होती. त्यांच्या नजरेतला फरक आनुवंशिक आहे, यावरून तीच जनुकं ऑटिझम घडवतात हे आपोआप सिद्ध होत नाही. ऑटिझममध्ये एकटं जनुक क्वचितच असतं. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. आणि आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, हा समजही खोटा. उंची आनुवंशिकच आहे, पण दुष्काळात वाढलेली पिढी बुटकी राहते.

याच जोन्स आणि क्लिन यांचा 2013 चा अभ्यासही महत्त्वाचा आहे. पुढं ऑटिझमचं निदान झालेली बाळं दोन महिन्यांची असताना डोळ्यांकडं इतरांसारखीच बघत होती. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते बघणं हळूहळू ओसरत गेलं. सुरुवातीला होतं आणि मग घटलं, म्हणून तर लवकर हात घालायला वाव आहे.

आईला दोषी धरायची खोड फक्त आपल्याकडची नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत भलेभले तज्ज्ञ 'थंड स्वभावाच्या आयांमुळं' ऑटिझम होतो असं सांगत. 1977 मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी, निदान एकाला तरी ऑटिझम आहे अशा, जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या 11 पैकी 4 जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या 10 जोड्यांत एकाही ठिकाणी नाही. तेव्हापासून ती समजूत खिळखिळी होत गेली. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतून गेली म्हणायची. आमच्या गल्लीतून अजून जायची आहे.

ऑटिझम असलेल्यांसाठी मराठीत वापरतात तो 'स्वमग्न' शब्दही मला थोडा खटकतो. ही मुलं स्वतःत बुडालेली नसतात. त्यांचं लक्ष बाहेरच असतं, फक्त आपण धरतो त्या जागेवर नसतं. 2009 मध्ये क्लिन यांच्या गटाला दिसलं की ऑटिझम असलेली दोन वर्षांची मुलं माणसाच्या हालचालीपेक्षा, जिथं आवाज आणि हालचाल एकाच क्षणी घडतात, तिकडं ओढली जातात. टाळी वाजते तिथं, उदाहरणार्थ.

हे वाचलं तेव्हा मला शेजारचा कारखाना आठवला. तो पोरगा तासन् तास दारात उभा असतो, मागाकडं बघत. धोटा सरकन जातो, पलीकडं आपटतो, त्याच क्षणी खट्ट. पुन्हा अलीकडं, खट्ट. घरचे म्हणायचे, याला माणसांपेक्षा माग प्यारा. आता संध्याकाळी माग बंद झाले की त्याचा ताता, म्हणजे आजोबा, उंबऱ्यावर त्याच्यासमोर बसतो, मान या खांद्याकडून त्या खांद्याकडं नेतो आणि प्रत्येक वेळी जिभेनं 'खट्ट' करतो. आठ-दहा फेऱ्या झाल्या की पोरगा म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघतो.