लिस्पमध्ये लांब मजकूर फाइलीत लिहिणे

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची सलग रांग. ती चार अक्षरांची असो वा चार लाख, फाइलीत उतरवण्याची रीत एकच: फाइलीकडे जाणारा स्ट्रीम, म्हणजे मजकूर वाहून नेणारी वाट, उघडायचा, त्यात मजकूर सोडायचा, स्ट्रीम बंद करायचा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या या भाषेच्या बोली अनेक; ही नोंद मुख्यतः १९९४ साली प्रमाणित झालेल्या कॉमन लिस्पबद्दल आहे.

उघडणे-मिटणे विथ-ओपन-फाइल या मॅक्रोवरच (लागणारा कोड स्वतः रचून देणाऱ्या आज्ञेवर) सोपवावे. मध्येच चूक होऊन प्रोग्राम बाहेर फेकला गेला तरी तो फाइल बंद करतो. हाताने उघडलेली फाइल मिटायची राहिली, तर मजकुराचे शेपूट बफरमध्ये, म्हणजे स्मृतीतल्या तात्पुरत्या साठ्यात, अडकते आणि फाइल ऐन वाक्यात तुटते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या ज्या ड्रॉइंग ऑफिसांत ऑटोकॅड हे आराखडे काढायचे सॉफ्टवेअर चालते, तिथे लिस्पची ओळख बहुधा त्यातल्या ऑटोलिस्प या बोलीतून होते. त्या बोलीत हा मॅक्रो नाही. ओपन, राइट-लाइन, क्लोज असे तिन्ही स्वतः लिहावे लागते, आणि विसरले जाते ते नेमके क्लोज.

त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर काय करायचे, हे उघडतानाच सांगावे. सुपरसीड म्हटले की जुनीची जागा नवी घेते. अपेंड म्हटले की मजकूर शेवटी जोडला जातो.

लिहिण्यासाठी राइट-स्ट्रिंग सर्वांत सरळ. प्रिंट इथे कामाचा नाही: लिस्पला पुन्हा वाचता यावे म्हणून तो मजकुराभोवती अवतरणचिन्हे घालतो आणि आतल्या प्रत्येक दुहेरी अवतरणाआधी उलटी तिरकी रेघ ठेवतो. साच्यात मजकूर बसवून लिहिणाऱ्या फॉरमॅटचा सापळा जास्त फसवा. मजकूर थेट साचा म्हणून दिला आणि त्यात कुठे ~ हे चिन्ह निघाले, तर पुढचे अक्षर आज्ञा समजले जाते. शंभर मजकूर बिनबोभाट जातात, एकशे एकावा अडतो. आधी सगळा मजकूर जोडून मग लिहिण्याची सवयही महागात पडते. प्रत्येकी १०० अक्षरांच्या १०,००० ओळी कॉन्कॅटिनेटने एकेक करून जोडल्या, तर दर वेळी आधीचे सगळे पुन्हा उतरवले जाते: दहा लाख अक्षरांच्या फाइलीसाठी सुमारे पाचशे कोटी अक्षरांची नक्कल. प्रत्येक ओळ तयार होताच स्ट्रीममध्ये सोडली की हा खर्च उरतच नाही.

मराठी मजकुराची लांबी मोजताना हमखास गोंधळ होतो. ‘पुणे’ हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा. युनिकोड (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारे प्रमाण) जाणणाऱ्या लिस्पमध्ये लेंग्थ मात्र ४ सांगते, कारण उकार आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ या युनिकोड बाइटांत मांडण्याच्या पद्धतीने लिहिलेल्या फाइलीत तोच शब्द १२ बाइट घेतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे मोठे काम पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत झाले. त्या काळातल्या, १९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या प्रमाणात ‘पुणे’ चार बाइटांत मावत असे. एकाच शब्दाचे बाइट असे पद्धतीगणिक बदलतात, म्हणून फाइल उघडताना एक्स्टर्नल-फॉरमॅट यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. यंत्राच्या सेटिंगवर विसंबल्यास एकीकडे नीट उमटलेली ‘शनिवार पेठ’ दुसरीकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊ शकते. फाइलीत किती जागा जाईल हे आधीच हवे असेल, तर लेंग्थऐवजी फाइल-स्ट्रिंग-लेंग्थला विचारावे.