२१४७४८३६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दहा आकडे असल्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला कुणाचा तरी मोबाईल नंबर वाटतो, पण ही मूळ संख्या आहे, २चा ३१वा घात काढून त्यातून १ वजा केला की मिळते. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर सलग एकतीस वेळा १, बाकी काही नाही. अशा प्रकारच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, त्यात हिचा नंबर आठवा.

कॅटाल्डी नावाच्या इटालियन गणितज्ञाने ही मूळ आहे असं आधीच सांगून टाकलं होतं, पण त्याच दमात २३, २९ आणि ३७ हे घातसुद्धा चालतात म्हणाला आणि ते तिन्ही चुकले, त्यामुळे ३१ हा त्याचा तुक्काच म्हणायचा. खरं सिद्ध केलं स्विस गणितज्ञ ऑयलरने, १७७२ साली, आणि तेव्हा त्याला जवळपास दिसतच नव्हतं.

त्याने केलं काय ते भारी आहे. साध्या पद्धतीने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे साधारण ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, आणि त्या पावणेपाच हजारांवर आहेत. ऑयलरने दाखवलं की हिला विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. मग ३, ७, ११ वगैरे सगळे आपोआप बाद, पहिला उमेदवार थेट ३११ (भागून बघा, बाकी ३५ उरते), त्यानंतर एकदम १३०३, तिथे बाकी २२६. असं करत करत शेवटपर्यंत गेलं तरी कुठेच निःशेष भाग जात नाही.

हिच्यापासून १९ आकडी परिपूर्ण संख्या (स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते ती) बनते, २३०५८४३००८१३९९५२१२८. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, कारण असल्या संख्यांचा उपयोग काय, कोण कशाला शोधत बसेल! १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ ल्युकासने २चा १२७वा घात वजा १ ही ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं आणि बार्लोसाहेब तोंडघशी पडले.

आता ३१ हा स्वतःच २चा ५वा घात वजा १ आहे, मग हाच खेळ पुढे नेऊन २चा २१४७४८३६४७वा घात वजा १ पण मूळ असेल का? तर नाही, तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो.

प्रोग्रामिंगवाल्यांना मात्र हा आकडा वेगळ्याच कारणाने पाठ असतो. ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या डब्यात, एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच, ती मूळ असणं हा तिथे निव्वळ योगायोग. जुन्या सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच डब्यात मोजतात, आणि तो डबा भरतो १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असताना. पुढच्या सेकंदाला ज्या सिस्टिम तोवर बदललेल्या नसतील त्यांचा आकडा उलटून ऋण होईल आणि घड्याळ १९७० च्याही मागे जाऊन डिसेंबर १९०१ दाखवेल.