जुना प्रिंटर, नवा कॉम्प्युटर: गाडं नेमकं कुठे अडतं?

नवा कॉम्प्युटर आला, जुना प्रिंटर जोडला आणि कागद बाहेर आलाच नाही, की निष्कर्ष ठरलेला: प्रिंटर गेला. आधी कॉम्प्युटरकडे जाणारी केबल काढा आणि प्रिंटरवरच्याच बटणाने चाचणीपान छापून बघा. अनेक लेझर प्रिंटरांत त्यासाठी बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. पान स्वच्छ निघालं तर ड्रम, टोनर, रोलर ठणठणीत आहेत. घोळ पुढे, कॉम्प्युटरशी होणाऱ्या बोलण्यात आहे.

काही प्रिंटरांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ही भाषा येते. 'या जागी, या टाइपात, ही अक्षरं' एवढं कळवलं की ठिपके कुठे पाडायचे ते प्रिंटरमधला प्रोसेसर ठरवतो. साध्या मजकुराचं पान मग काही किलोबाइटांत भागतं. अनेक स्वस्त प्रिंटरांत मात्र हे काम कॉम्प्युटरवरच सोपवलेलं असतं. ए-४ कागदावर इंचाला ६०० ठिपके धरा: आडवे ४,९६०, उभे ७,०१६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके. ठिपक्याला एकच बिट दिला तरी ४३ लाख बाइट होतात. एवढा ऐवज कंपनी स्वतःच्या पद्धतीने आवळून पाठवते आणि ती पद्धत सहसा तिच्याच ड्रायव्हरला, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ठाऊक असते. जुना, ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच येतं. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपला आणखी वेगळा ड्रायव्हर लागतो.

आपला प्रिंटर कोणत्या जातीचा, हे तो स्वतःच सांगतो! यूएसबी जोडल्यावर कॉम्प्युटर ओळख विचारतो आणि प्रिंटर एक ओळ पाठवतो: 'एमएफजी'पुढे निर्माता, 'एमडीएल'पुढे मॉडेल, 'सीएमडी'पुढे येत असलेल्या भाषा. समांतर पोर्टाच्या (यूएसबीआधीच्या प्रिंटर-जोडणीच्या) काळातल्या, १९९४ च्या आयईईई १२८४ या मानकातली ही ओळ यूएसबीनेही स्वीकारली. बऱ्याच प्रिंटरांच्या चाचणीपानावरही भाषांची नावं असतात. त्यांत पीसीएल दिसलं तर त्याच भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर टाका. छपाई होईल, एखाद्या ट्रेची निवड किंवा दोन्ही बाजूंची छपाई कदाचित मिळणार नाही. चुकीच्या भाषेचा ड्रायव्हर पडला तर पानामागून पान निरर्थक चिन्हं येतात. अशा वेळी कागदाचा ट्रे ओढून घ्या, कॉम्प्युटरवरची छपाईच्या कामांची रांग रिकामी करा आणि मगच प्रिंटर बंद करून चालू करा. रांग तशीच ठेवली तर तोच कचरा पुन्हा छापला जातो.

ड्रायव्हर बरोबर असून काम रांगेतच अडकलं, तर विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमधला 'पोर्ट्स' टॅब बघा. तिथे कधी एलपीटी१ वर (समांतर पोर्टावर) खूण असते आणि प्रिंटर यूएसबी००१ वर (यूएसबीच्या पोर्टवर) बसलेला असतो; खूण बदलली की काम होतं. समांतर पोर्टाच्या प्रिंटरला यूएसबीत बदलणारी केबल लावली तरी तो यूएसबी००१ सारख्या पोर्टवरच दिसतो. म्हणून थेट एलपीटी१ वर छापणाऱ्या डॉसच्या प्रोग्रॅमना तो सापडत नाही.

'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. कंपनीने लिहिलेलाच नाही तो ड्रायव्हर ते आणणार कुठून?

खासगी पद्धतीच्या प्रिंटरांपैकी अनेकांसाठी लिनक्सवर मुक्त ड्रायव्हर आहेत. लिनक्सच्या जुन्या कॉम्प्युटरवर 'कप्स' हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवून प्रिंटर नेटवर्कवर खुला केला, की ठिपके कुठे पाडायचे ते हा जुना कॉम्प्युटरच ठरवतो आणि नव्या कॉम्प्युटरला कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजच्या साध्या शेअरिंगने हे साधत नाही, कारण ते नव्या कॉम्प्युटरवरही ड्रायव्हर मागतं. तेवढा खटाटोप नको असेल तर पीडीएफ करून जुन्या कॉम्प्युटरवर न्या आणि तिथून छापा.