चालत्या धंद्यातील भागीदारी आणि फुगवलेली मिळकत : पार्श्वभूमी

चालत्या लहान धंद्यात पैसे घालून भागीदार झालेल्याला आधी सांगितलेली मिळकत खोटी निघाली, तर वह्या अगोदर का तपासल्या नाहीत, असे प्रथम त्यालाच विचारले जाते. या आक्षेपाला कायद्याने निरनिराळ्या काळी निरनिराळे वजन दिले आहे. 1838 साली इंग्लंडमधील खाणी व लोखंडाच्या कारखान्यांच्या एका सौद्यात खरेदीदारांनी आपली माणसे पाठवून विक्रेत्याचे आकडे पडताळून घेतले होते. ते विक्रेत्याच्या शब्दावर नव्हे, तर स्वतःच्या चौकशीवर विसंबले, असे मानून तो सौदा कायम ठेवला गेला.

खरा पेच निर्माण झाला तो 1881 च्या निकालाने. एका वयस्क सॉलिसिटरने जाहिरात देऊन भागीदार शोधला. भागीदाराने त्याचे राहते घरही 1,600 पौंडांना घ्यावे, अशी अट होती. वकिलीचे वार्षिक उत्पन्न 300 ते 400 पौंड असल्याचे त्याने सांगितले, पण दाखवलेल्या तीन वर्षांच्या गोषवाऱ्यांत ते 200 पर्यंतही पोहोचत नव्हते. उरलेली रक्कम कोठून येते, असे विचारताच त्याने कागदांच्या एका गठ्ठ्याकडे बोट दाखवले आणि गोषवाऱ्यांत न आलेली कामे त्यात आहेत, असे सांगितले. येणाऱ्याने गठ्ठा सोडून पाहिला नाही आणि 100 पौंड विसार दिला. तो पाहिला असता, तर जेमतेम पाच-सहा पौंडांची कामे त्यात सापडली असती. खरी स्थिती कळल्यावर त्याने खरेदी पुरी करण्यास नकार दिला, तेव्हा सॉलिसिटरच करारपूर्तीसाठी न्यायालयात गेला.

कागद हाताशी असूनही त्याने नीट पाहिले नाहीत, म्हणजे तो त्या निवेदनावर विसंबलाच नव्हता, असे खालच्या न्यायालयाने ठरवले. अपिलात हे उलटले. काळजी घेतली असती तर खोटेपणा उघडकीस आला असता, हा बचाव खोटे सांगणाऱ्याला उपलब्ध नाही, असे सांगून करार रद्द करण्यात आला आणि विसार परत देवविण्यात आला. नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही, कारण विक्रेत्याला आपले बोलणे खोटे असल्याचे ठाऊक होते, हे कैफियतीत मांडलेले नव्हते.

भारतीय करार अधिनियम याच्या नऊ वर्षे आधीचा, 1872 चा. त्याच्या कलम 19 च्या अपवादानुसार चुकीच्या निवेदनामुळे किंवा कपटपूर्ण मौनामुळे संमती दिली गेली असली, तरी साधारण तत्परतेने सत्य शोधून काढण्याची साधने त्या पक्षाकडे असतील, तर करार रद्द करता येत नाही. जाणूनबुजून केलेले खोटे विधान या अपवादाबाहेर राहते, पण विक्रेत्याच्या मनात काय होते, हे सिद्ध करणे कठीण असते. 1881 चा तो भागीदार या कलमाखाली बहुधा हरला असता : गठ्ठा समोर होता आणि कपटाचे कथनही पुरेसे नव्हते. मोठ्या खरेदीदारामागे लेखापाल उभे असतात. वर्षानुवर्षांची बचत घालणारा बहुधा एकटाच वह्यांसमोर बसतो. त्यामुळे या अपवादाचा भार त्याच्यावरच अधिक पडतो, आणि वह्या नुसत्या समोर ठेवणाऱ्या विक्रेत्याला मात्र आयती ढाल मिळते.

1889 मध्ये इंग्लंडने कपटाची व्याख्या आवळली : विधान खोटे असल्याची जाणीव, ते खरे असल्याच्या विश्वासाचा अभाव किंवा खऱ्याखोट्याविषयी बेपर्वाई, यांपैकी काहीतरी सिद्ध व्हायला हवे. केवळ निष्काळजी विक्रेता त्यातून निसटत असे. ही फट 1967 च्या कायद्याने बऱ्याच अंशी बुजवली. भरपाई टाळायची, तर विधान खरे मानण्यास वाजवी आधार होता, हे ते करणाऱ्यानेच दाखवायचे, असे ठरले. 1976 मध्ये प्रश्न अंदाजापर्यंत पोहोचला. पेट्रोलपंप चालवायला देताना तेल कंपनीने तिसऱ्या वर्षी 2,00,000 गॅलन खपाचा अंदाज सांगितला होता, पण पहिल्या पंधरा महिन्यांत 78,000 गॅलनच खपले. पंपाची मांडणी बदलल्यावरही जुनाच आकडा पुढे केला गेला होता. जाणकाराने निष्काळजीपणे दिलेल्या अशा अंदाजाची जबाबदारी कंपनीवर आली.

अमेरिकेने फ्रँचायझीपुरता निराळा मार्ग धरला. 1979 पासून लागू झालेल्या आणि 2007 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार मिळकतीचा दावा करणाऱ्याकडे वाजवी आधार असावा लागतो आणि तो लेखी प्रकटनात मांडावा लागतो. दावा करण्याची सक्ती मात्र सुधारणेनंतरही आली नाही. त्यामुळे कागदावर मिळकतीविषयी अवाक्षर न काढता विक्री प्रतिनिधीने तोंडी आकडा सांगणे नियमबाह्य असले, तरी तो सांगितला गेला होता, हे शाबीत करण्याचा भार खरेदीदारावरच राहतो.