भोक जुळलं, पण माउंटिंग बसलं का?

जुन्या गाडीला नवीन इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो रबर-लोखंडाचा आधार, आणलं की पहिलं भांडण बोल्ट आणि भोकाचं होतं. क्रॉस मेंबरवरचं (इंजिनाखालच्या आडव्या लोखंडी तुळईवरचं) भोक इकडे, माउंटिंगचा बोल्ट तिकडे, मध्ये तीन-चार मिलिमीटरचा फरक. अशा वेळी मिस्त्री काय करतो हे ठाण्यात जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा. पहार घालतो, इंजिन रेटतो, बोल्ट ठोकून आत घालतो आणि वर म्हणतो, "काका, रबर आहे. चार दिवस चालवा, सेट होईल."

रबर आहे हे खरं. सेट होतं हेही खरं. फक्त ते आपल्याला हवं तसं सेट होत नाही.

पद्मिनी ही कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, म्हणजे ठाणेकरांना तशी घरचीच गाडी. तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही निवृत्त झाली. टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना कायम गिऱ्हाईक होतं. आता उरल्या हौशी लोकांच्या गाड्या, नौपाड्यात किंवा चरईत सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेल्या. त्यांच्यासाठी जे माउंटिंग मिळतं ते बऱ्याचदा एखाद्या छोट्या कारखान्याने जुना तुकडा समोर ठेवून, त्याच्यावरून साचा काढून बनवलेलं असतं. मूळ ड्रॉइंग कुणाकडे नसतं. तुकड्यावरून लांबी-रुंदी घेता येते. रबर किती नरम होतं, हे वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या तुकड्यावरून कळत नाही. खरी गोची इथेच आहे. भोकाचा फरक डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्याशी भांडतो, न दिसणारा फरक त्याहून कितीतरी जास्त त्रास देतो.

आधी इंजिन हलतं कशामुळे ते पाहू. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर एका ओळीत. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे हिशेब फिटला असं वाटतं. पण पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड फिरताना तिरका होतो आणि त्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात वेगाने धावतो, खालच्या अर्ध्या टप्प्यात जरा रेंगाळतो. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना पुरते तोलत नाहीत. उरलेला धक्का क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन आवर्तनं पुरी करतो. शिवाय प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडर पेट घेतात आणि दर वेळी इंजिनाचं धूड क्रँकच्या उलट दिशेला कलंडू पाहतं. गाडी उभी असताना हा दुसरा प्रकार जोरात असतो. वेग वाढला की पहिला वरचढ होतो.

आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं नुसतं चालू राहणं, मिनिटाला ७५० फेऱ्यांचं धरा. म्हणजे सेकंदाला साडेबारा फेरे, आणि धक्के २५. तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभं असताना आरशातली मागची बस धूसर दिसते आणि ग्लोव्ह बॉक्सचं झाकण किणकिणतं, ते या २५ हर्ट्झमुळे, म्हणजे सेकंदाला बसणाऱ्या २५ धक्क्यांमुळे.

रबर हे धक्के शोषून घेतं असं आपण सर्रास म्हणतो. थोडे शोषतंही, त्याची उष्णता होते. पण त्याचं मुख्य काम वेगळं आहे. जड इंजिन नरम आधारावर ठेवलं की ते आपल्या जागी मोकळेपणाने थरथरतं आणि ती थरथर खाली पोचतच नाही. अट एकच. इंजिन आणि रबर यांच्या जोडीची स्वतःची डुलण्याची जी वारंवारता असते, तिच्यापेक्षा धक्क्यांची वारंवारता पुष्कळ जास्त हवी; निदान १.४१ पट, तरच फायद्याला सुरुवात होते. पट त्याहून कमी असेल तर रबर बसवून उलट तोटाच.

आकड्यांत पाहा. ही स्वतःची वारंवारता १० हर्ट्झ असेल, तर २५ हर्ट्झच्या धक्क्याचा जेमतेम पाचवा हिस्सा चेसिसपर्यंत जातो. तेच रबर दुप्पट कडक निघालं, तर वारंवारता १४ च्या आसपास जाते आणि जवळपास निम्मा धक्का खाली उतरतो. चौपट कडक असेल तर ती २० हर्ट्झ होते, आणि मग धक्का कमी होण्याऐवजी पावणेदोन पटीहून मोठा होऊन सीटखाली येतो. म्हणजे त्यापेक्षा इंजिन थेट लोखंडावर बसवलेलं बरं! १९३१ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत ते तसंच असायचं. त्या वर्षी क्रायसलरने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' नावाची मांडणी आणली: रबराच्या आधारांच्या जागा अशा निवडल्या की इंजिन आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती डुलावं. चार सिलिंडरचं इंजिन एकदम सुसह्य झालं आणि फ्रान्सच्या सित्रोएनने ती कल्पना परवाना घेऊन वापरली. माउंटिंग कुठे आहे, किती उंचीवर आहे, कोणत्या कोनात आहे, हे तेव्हापासून गणिताने ठरतं.

चौपट कडक रबर हा कल्पनेतला आकडा वाटेल, पण तो सहज गाठता येतो. रबराची कठीणता 'शोअर ए' या मापात मोजतात. घड्याळासारखी तबकडी असलेलं छोटं यंत्र रबरावर दाबलं की काटा आकडा दाखवतो. इंजिन माउंटिंगचं रबर साधारण ४० ते ६० मध्ये असतं. आता ५० ऐवजी ७० चं रबर ओतलं, तर आकड्यात वीसचा फरक, पण प्रत्यक्षात ताठपणा सव्वादोन पट. मजबुतीच्या नावाखाली कारखानदार रबराला कडक करणारी काजळी वाढवतो, गिऱ्हाईकही अंगठ्याने दाबून "कडक आहे, टिकेल" म्हणतं, आणि तिथेच घात होतो.

उरलेलं काम आकार करतो. दाबलं की रबराचं आकारमान जवळजवळ कमी होत नाही. पोळपाटावर लाटलेल्या कणकेसारखं ते बाजूला पसरायला जागा शोधतं. दोन लोखंडी पट्ट्यांना चिकटवलेल्या रबराला पसरायला फक्त उघड्या कडा मिळतात. थर पातळ केला की कडा कमी, म्हणून तेच रबर दाबाखाली कितीतरी जास्त ताठ वागतं. मूळ माउंटिंगमध्ये मुद्दाम ठेवलेली पोकळी किंवा कडेची खाच नकलेत "सोपं पडतं म्हणून" भरून टाकली, की हेच होतं.

आता पहार घालून ठोकलेल्या बोल्टाकडे येऊ. चार मिलिमीटर बाजूला ओढून कसलेलं माउंटिंग वजन घेण्याआधीच ताणलेलं असतं. रबराला ताणत गेलं की पुढे पुढे ते अधिक ताठ होतं, म्हणजे डुलायची मोकळीक आधीच खर्ची पडली. त्यात रबर आणि लोखंड चिकटवलेल्या जागी, नेमक्या कडेला, ताण सर्वांत जास्त असतो. सुटायला सुरुवात तिथूनच होते. हवेतला ओझोनही ताणलेल्या नैसर्गिक रबरालाच चिरा पाडतो, आणि गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की तयार होणाऱ्या ओझोनची आपल्याकडे टंचाई नाही. "सेट होईल" म्हणतात ते रबराचं सरकणं पहिल्या दिवशी भरभर होतं, मग मंदावत जातं. पहिल्या ते दहाव्या दिवसात जेवढं सरकतं, साधारण तेवढंच पुढे सरकायला शंभरावा दिवस उजाडतो. त्याने इंजिन मधोमध येत नाही. वाकडं होतं ते वाकडंच मुरतं.

पण गंमत अशी की पुष्कळदा नवीन माउंटिंग बरोबर असतं आणि चूक जुन्याची असते. वर्षानुवर्षं वजन घेऊन जुनं रबर खचलेलं असतं, तेलाने फुगून मऊ पडलेलं असतं. नवीन उंच दिसतं, म्हणून ते "चुकीचं". पुढचं एकच बदललं तर इंजिन एका अंगाला कलतं आणि दुसऱ्या बाजूची भोकं हटकून हुकतात. म्हणून पुढची दोन्ही आणि गिअरबॉक्सखालचं, सगळी एकदम बदलावीत. जुन्याशी तुलना करायचीच, तर उंचीची करू नये. भोकांमधलं अंतर, पट्टीचा कोन आणि पोकळ्या पाहाव्यात.

बसवताना ऑइल संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) रुंद लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाचं फक्त वजन उचलावं, हात किंवा डोकं त्याखाली न घालता. सगळे बोल्ट नुसते बोटांनी दोन-तीन आटे चढवून ढिले ठेवावेत. मग इंजिन खाली सोडावं, हाताने दोन्हीकडे हलवावं, त्याला त्याची जागा सापडू द्यावी, आणि तेव्हाच आवळावं. एवढ्याने पुष्कळ वेळा भोकाचं भांडण मिटतं. तरी दोन-तीन मिलिमीटर उरलेच, तर लोखंडी ब्रॅकेटचं भोक गोल कानशीने लांबट करून वर जाड वॉशर टाकायला हरकत नाही. रबर कापू नये, आणि रबराला चिकटवलेल्या पट्टीला वेल्डिंग तर मुळीच नको. उष्णतेने जोड जागीच सुटतो.

उंची चुकली असेल तर मात्र कानस कामाची नाही. पंखा रेडिएटरच्या जवळ जातो, मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा कोन बदलतो, स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्या अडखळतात. सायलेन्सरचा पाइप क्रॉस मेंबरला टेकला तर कंपनांना रबर टाळून जायला चोरवाट मिळते. मग जगातलं उत्तम माउंटिंग लावूनही उपयोग नाही. गाडी थोडी चालवून खाली टॉर्च मारा. लोखंड लोखंडाला घासलं असेल तिथे रुपयाएवढा चकचकीत डाग दिसतो.

माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे मूळ लोखंडी भाग जपून त्यावर नवं रबर चढवून घेणं. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या पट्ट्यात रबर मोल्डिंगची कामं होतात. जुनं रबर काढून लोखंड सँडब्लास्ट करतात, वर चिकटद्रव्याचा थर देतात, आणि साच्यात दाबाखाली सुमारे १५० अंश सेल्सिअसला रबर शिजवतात. तिथे "जरा चांगलं, कडक रबर टाका" असं सांगू नये. शोअर ए चा आकडा सांगावा, पोकळ्या दाखवाव्यात. पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकची माउंटिंग शर्यतीच्या गाड्यांना शोभतात; आपल्याला सिग्नलला उभं राहायचं असतं. आणि हो, रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी परत लावली का ते पाहा. ती राहिली तर स्टार्टरचा प्रवाह भलत्याच केबलमधून वाट काढतो आणि ती तापते.

फरक पडला का, हे मोजायला खिशातला फोन पुरतो. त्यात त्वरणमापक असतोच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत ॲप कंपनांचा वारंवारतेनुसार आलेख काढून देतं. काम करण्याआधी आणि नंतर, फोन सीटसमोरच्या पत्र्यावर त्याच जागी ठेवून, आयडलिंग तेवढंच राखून नोंद घ्यावी. २५ हर्ट्झजवळचा सुळका किती खुजा झाला, ते दिसतं.

नवं, नरम माउंटिंग लावलेल्या लोकांची एक तक्रार हमखास असते: गाडी छान शांत झाली, पण किल्ली बंद करताना इंजिन एकदा दणकन हलतं. ते हलणारच. बंद होताना फेरे ७५० वरून शून्यावर येतात, आणि वाटेत ३०० च्या आसपास धक्क्यांची वारंवारता नेमकी १० हर्ट्झ, म्हणजे इंजिनाच्या स्वतःच्या डुलण्याएवढी होते. तो झटका एखाद्या सेकंदात संपत असेल आणि कुठे लोखंड आपटल्याचा आवाज येत नसेल, तर मिस्त्रीकडे परत जायचं कारण नाही.