विज्ञान (बौद्ध दर्शन)

विज्ञान (पाली : विञ्ञाण) ही बौद्ध दर्शनातील जाणिवेची संकल्पना. डोळा, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन या सहा इंद्रियांचा आपापल्या विषयाशी संबंध आला की जे भान उद्भवते, ते विज्ञान. रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या घडणी) आणि विज्ञान या पाच स्कंधांत, म्हणजे व्यक्ती ज्यांनी बनते त्या घटकसमूहांत, ते शेवटचे येते. प्रतीत्यसमुत्पादाच्या (कारणांवर अवलंबून उद्भवण्याच्या साखळीच्या) १२ कड्यांत अविद्या आणि संस्कार यांच्यानंतरची ती तिसरी कडी. सहा इंद्रिये, त्यांचे सहा विषय आणि सहा विज्ञाने मिळून १८ धातू (अनुभवाचे घटक) होतात. आजच्या मराठीत हा शब्द प्रयोगशाळेकडे गेल्यामुळे बौद्ध ग्रंथांची भाषांतरे वाचताना नवखा वाचक येथे हमखास अडखळतो. ‘जाणीव’ म्हटले की बरेचसे काम भागते. सूत्रांमध्ये चित्त, मन आणि विज्ञान हे शब्द एकमेकांच्या जागीही येतात. त्यांच्यातील काटेकोर भेद नंतरच्या आचार्यांनी केले.

शब्द बुद्धाच्या आधीचा आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला ‘विज्ञानघन’ अशा सत्तेबद्दल सांगतो आणि विचारतो, जो जाणणारा आहे त्याला कशाने जाणावे? जाणीव आहे त्या अर्थी जाणणारा कोणीतरी आत आहे, हे येथे गृहीतच आहे. ‘मला दिसते’, ‘मला आठवते’ असे आपण म्हणतो तेव्हा मराठी ‘मी’ला चतुर्थीत ढकलते खरी, पण बाजूला का होईना, तो बसलेला असतोच. बौद्ध सूत्रांमधले वाक्य त्याला तेवढीही जागा देत नाही. ‘चक्खुञ्च पटिच्च रूपे च उप्पज्जति चक्खुविञ्ञाणं’, म्हणजे डोळा आणि रूप यांमुळे चक्षुर्विज्ञान उद्भवते. वाक्य तिथे संपते. कोणाला दिसले, हे त्यात नाही.

मोलिय फग्गुन नावाच्या भिक्षूला नेमके तेच हवे होते. विज्ञान हा एक प्रकारचा आहार आहे असे ऐकून त्याने विचारले, हा आहार घेतो कोण? प्रश्नच बरोबर नाही, असे बुद्धाने सांगितले. हा आहार कशाला कारण होतो, असे विचारले तर उत्तर देता येईल. ‘कोण’च्या जागी ‘कशामुळे’ आणि ‘कशाला कारण’ हे प्रश्न ठेवणे, ही या विचाराची खरी किल्ली आहे. पुढच्या सर्व संप्रदायांचे वादही याच जागेभोवती फिरतात.

मज्झिम निकाय या पाली सूत्रसंग्रहातील महातण्हासंखय सुत्तात (सूत्रात) हा मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो. साति हा कोळ्याचा मुलगा भिक्षू झाला होता. एकच विज्ञान, जसेच्या तसे, या जन्मातून त्या जन्मात फिरत राहते, अशी त्याची समजूत होती. इतर भिक्षूंनी समजावूनही तो ऐकेना, तेव्हा त्याला बुद्धापुढे नेण्यात आले. विज्ञान म्हणजे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, जो बोलतो, अनुभवतो आणि बऱ्यावाईट कर्मांची फळे भोगतो, तो. यावर बुद्धाने आगीचा दाखला दिला. लाकडावर पेटली तर लाकडाची आग, गवतावर पेटली तर गवताची, शेणावर पेटली तर शेणाची, कोंड्यावर पेटली तर कोंड्याची. सरपणाहून वेगळी, आधीपासून कुठे तरी वाट पाहत बसलेली आग नसते. तसेच डोळ्यामुळे उद्भवलेले ते चक्षुर्विज्ञान, कानामुळे उद्भवलेले ते श्रोत्रविज्ञान. साति खांदे पाडून, खाली मान घालून गप्प बसून राहिला, असे सुत्त सांगते. शेवटी कोळ्याचा हा मुलगा तृष्णेच्या मोठ्या जाळ्यात अडकला आहे, असे म्हटले आहे. सुत्त रचणाऱ्याला ही कोटी सुचली असावी, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

आत्म्याविषयीचा युक्तिवाद सारनाथ येथे पहिल्या पाच शिष्यांपुढे केलेल्या अनत्तलक्खण सुत्तात आहे आणि तो विलक्षण साधा आहे. विज्ञान जर ‘मी’ असते, तर ‘ते असे असो, तसे नसो’ असे म्हणता आले असते. तसे म्हणता येत नाही. जे अनित्य आहे, म्हणून दुःखद आहे आणि हुकमात नाही, त्याला ‘हे माझे, हा मी, हा माझा आत्मा’ म्हणणे योग्य नाही. हीच कसोटी पाचही स्कंधांना लावली आहे. दुसऱ्या एका सुत्तात याहून धारदार विधान येते : आत्मा मानायचाच असेल, तर चित्तापेक्षा शरीराला मानलेले बरे. शरीर निदान १०–२०, कधी १०० वर्षे टिकलेले दिसते. चित्त मात्र रात्रंदिवस एक उद्भवते आणि दुसरेच मावळते, रानातले माकड एक फांदी सोडून दुसरी धरते तसे. शरीर नाशवंत आणि आतले काही तरी टिकाऊ, या सर्वत्र आढळणाऱ्या समजुतीला येथे सरळ उलटे केले आहे.

मात्र ‘आत्मा नाही’ हे बुद्धाचे एक ठाम घोषवाक्य होते, असे मानणे घाईचे ठरेल. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने आत्मा आहे का, आणि मग नाही का, असे दोन्ही बाजूंनी विचारले तेव्हा बुद्ध गप्प राहिला. वच्छगोत्त गेल्यावर त्याने आनंद या शिष्याला कारण सांगितले : ‘नाही’ म्हटले असते, तर आधीच गोंधळलेल्या या माणसाला ‘पूर्वी माझा आत्मा होता, आता तो उरला नाही’ असे वाटले असते.

आत्मा नाही तर कर्माचे फळ भोगतो कोण, हा आक्षेप साहजिक आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला (मिनँडर) उलट एक खटला सांगतो. आंबे चोरताना पकडलेला माणूस म्हणतो, ‘याने जमिनीत पेरले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे, मग माझा गुन्हा काय?’ राजा अर्थातच त्याला दोषी ठरवतो, कारण आधीच्या आंब्यांवाचून नंतरचे आंबे आलेच नसते. तोही नव्हे आणि दुसराही नव्हे, अशी ही सलगता आहे. दूध, दही, लोणी आणि तूप एकच नव्हेत, पण दुधावाचून तूपही नाही.

सर्वांचे या उत्तराने समाधान झाले नाही. वात्सीपुत्रीय आणि सम्मितीय या संप्रदायांनी स्कंधांशी एकरूपही नाही आणि वेगळाही नाही असा ‘पुद्गल’ (व्यक्ती) मानला. आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोश या ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्याचे सविस्तर खंडन केले. तरीही सम्मितीय हा भारतातला एक मोठा संप्रदाय होता, ही गोष्ट बौद्ध विचाराचा इतिहास एकसुरी सांगणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. थेरवाद या पाली परंपरेच्या अभिधम्माने (तत्त्वविश्लेषणाच्या ग्रंथांनी) मार्ग वेगळा काढला. जाणिवेचे ८९ (दुसऱ्या गणनेने १२१) प्रकार आणि तिच्यासोबत येणारे ५२ चैतसिक मोजून प्रत्येक अनुभव क्षणांच्या मालिकेत मांडला. अशा मालिकांच्या मधल्या काळात, गाढ झोपेतही, सलगता राखणारे चित्त ते ‘भवंग’. त्यासाठी अट्ठकथेत (पाली भाष्यात) एक छान दाखला आहे. आंब्याच्या झाडाखाली डोक्यावरून पांघरूण घेऊन एक जण झोपला आहे. पिकलेला आंबा कानाजवळ पडतो, तो जागा होतो, डोळे उघडून पाहतो, फळ उचलतो, दाबून बघतो, हुंगतो, खातो आणि पुन्हा झोपी जातो. एका दृश्याची जाणीव होताना चित्त क्षणार्धात एवढ्या पायऱ्या चढून उतरते, असे आचार्यांना म्हणायचे आहे.

योगाचार संप्रदायाने (असंग आणि वसुबंधू, इ. स. ४ थे–५ वे शतक) सहा विज्ञानांना आणखी दोन जोडली. आठवे ते आलयविज्ञान, कर्मांची बीजे साठवणारे कोठार. सातवे क्लिष्ट (मलिन) मन हे त्या कोठारालाच ‘मी’ समजून कवटाळते. या कोठाराला मागल्या दाराने आत आलेला आत्मा म्हणता येईल, ही शंका त्या संप्रदायालाही होती. संधिनिर्मोचन सूत्रात हे विज्ञान अज्ञ जनांना उघड केले नाही, ते त्याला आत्मा समजतील, असे स्पष्ट म्हटले आहे. जाणीव स्वतःलाही जाणते का, यावरही मतभेद झाले. आचार्य दिङ्नागाने असे स्वसंवेदन मानले, तर आचार्य शांतिदेवाने तलवार स्वतःला कापत नाही असे म्हणून ते नाकारले.

चित्ताच्या मशागतीला बौद्ध परिभाषेत ‘भावना’ म्हणतात. मराठीत हा शब्दही दूर गेला आहे. मूळ अर्थ घडवणे, वाढवणे. जाणीव कारणांवर अवलंबून असल्यामुळेच कारणे बदलून ती बदलता येते. स्थिर आत्म्याला मशागत लागू पडली नसती. भावनेच्या शमथ (चित्त निवळवणे) आणि विपश्यना (उद्भव-विलय पाहणे) अशा दोन बाजू सांगतात. निवळवणे म्हणजे काय, हे संगारव ब्राह्मणाच्या प्रश्नावरून कळते. खूप दिवस पाठ केलेले मंत्रही कधी कधी आठवत नाहीत, ते का, असे त्याने विचारले. उत्तरात पाण्याने भरलेले भांडे येते, ज्यात माणूस आपला चेहरा पाहू इच्छितो. चित्ताचे पाच अडथळे ते पाणी बिघडवतात. कामच्छंद (विषयांची ओढ) म्हणजे लाख, हळद, नीळ कालवलेले पाणी. व्यापाद (द्वेष) म्हणजे उकळते पाणी, स्त्यानमिद्ध (आळस, सुस्ती) म्हणजे शेवाळलेले, औद्धत्य-कौकृत्य (चंचलता, पश्चात्ताप) म्हणजे वाऱ्याने हलणारे आणि विचिकित्सा (संशय) म्हणजे अंधारात ठेवलेले गढूळ पाणी. पाचांतही चेहरा दिसत नाही.

सतिपट्ठान सुत्तातील चित्तानुपश्यना (चित्ताचे निरीक्षण) याच्याही पुढे जाते. चित्तात राग (आसक्ती) असला तर राग आहे, द्वेष असला तर द्वेष आहे, विखुरलेले असले तर विखुरलेले आहे, एवढेच जाणायचे. त्याला हाकलण्याची सूचना त्या परिच्छेदात नाही. २० व्या शतकात ब्रह्मदेशातून पसरलेल्या पद्धती याच सुत्ताचा आधार घेतात. महासी सयाडो यांनी पोटाच्या उठण्या-बसण्याची नोंद घेण्यावर भर दिला, तर ऊ बा खिन आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी शरीरावरील संवेदनांवर.

पटले म्हणजे सुटले असे होत नाही, हे खेमक नावाच्या आजारी भिक्षूच्या संवादात दिसते. कोसंबीच्या थेरांनी (ज्येष्ठ भिक्षूंनी) दासक या भिक्षूकरवी त्याला प्रश्न पाठवले. उत्तरे नेता-आणता दासकाच्या फेऱ्या झाल्या. शेवटी ‘ही धावपळ पुरे, काठी दे’ म्हणत खेमक स्वतःच आला. पाचांपैकी एकाही स्कंधाला मी आत्मा समजत नाही, तो म्हणाला, तरी ‘मी आहे’ हे उरलेच आहे. ते रूपाचे नाही आणि विज्ञानाचेही नाही. कमळाचा वास जसा पाकळीचा म्हणता येत नाही, देठाचा नाही, परागांचा नाही, तसे. मळलेले कापड परीट खारी माती किंवा शेण लावून धुतो, स्वच्छ पाण्यातून काढतो. कापड स्वच्छ होते, पण खाराचा वास राहतो. तो सुगंधी पेटीत ठेवल्यावर हळूहळू जातो. हे बोलणे चालू असतानाच ६० थेरांची चित्ते मुक्त झाली, असे सुत्तात नोंदले आहे, आणि खेमकाचेही.