त्रैराशिक

तीन राशी माहीत असताना त्यांच्याशी प्रमाणात असलेली चौथी राशी काढण्याच्या अंकगणिती रीतीला त्रैराशिक म्हणतात. शाळेत अशी शाब्दिक उदाहरणे बहुधा एकमान पद्धतीने, म्हणजे आधी एका नगाचा किंवा एका किलोचा दर काढून, सोडवली जातात. 5 किलो तांदूळ 340 रुपयांना असेल तर किलोचा दर 68 रुपये आणि 7 किलोंचे 476 रुपये होतात. दर पूर्णांकात येत नसेल तेव्हा मात्र एकमानाचा हट्ट धरू नये. 3 किलोंना 200 रुपये पडत असताना 12 किलोंसाठी पैशांच्या अपूर्णांकात शिरण्यापेक्षा, वजन चौपट म्हणून किंमतही चौपट, हा हिशेब सोपा आणि अचूकही असतो.

आर्यभटाच्या आर्यभटीय या ग्रंथात (इ. स. 499) ही रीत एका आर्येत, म्हणजे आर्या वृत्तातील श्लोकात, सांगितली आहे : फलराशीला इच्छाराशीने गुणावे आणि प्रमाणराशीने भागावे. वरच्या तांदळाच्या उदाहरणात 5 किलो हे प्रमाण, 340 रुपये हे फल आणि 7 किलो ही इच्छा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) निष्काच्या (जुने नाणे) तीन सप्तमांशाला अडीच पल (जुने वजन) केशर मिळते, तर 9 निष्कांना किती मिळेल, असा प्रश्न आहे. येथे प्रमाण आणि इच्छा दोन्ही निष्कांत, तर फल पलांत आहे. म्हणून 9 ला अडीचने गुणून तीन सप्तमांशाने भागले की साडेबावन्न पल हे उत्तर मिळते. सजातीय राशी कोणत्या, हे आधी ठरवले की मांडणी सहसा चुकत नाही.

मण-शेर आणि रुपये-आणे यांच्या काळात याच तत्त्वावर तोंडी हिशेब करता येत असे. मणाचे शेर 40 आणि रुपयाचे आणे 16 असल्यामुळे मणाला जितके रुपये, तितक्या आण्यांना अडीच शेर.

एक राशी वाढली की दुसरी त्याच पटीत घटत असेल, तर व्यस्त त्रैराशिक लागते. 8 मजुरांना निंदणीला 15 दिवस लागतात, तर तेवढ्याच गतीने काम करणाऱ्या 12 मजुरांना 10 दिवस लागतील, कारण काम एकूण 120 मजूर-दिवसांचेच आहे. लीलावतीत सोन्याचा कस आणि वजन यांचा हिशेबही व्यस्तातच घातला आहे.

खरी अडचण गुणाकार-भागाकारात नसून प्रमाण आहे की नाही, हे ओळखण्यात असते. मुंबईच्या रिक्षाला सुरुवातीच्या दीड किलोमीटरसाठी ठरावीक किमान भाडे असते. त्यामुळे एका किलोमीटरला पडलेल्या भाड्याला दहाने गुणून दहा किलोमीटरांचे भाडे काढता येत नाही.